सोयगावची पेटी प्रवासात आहे

कोणत्याही सुसंस्कृत राज्यात गुन्ह्यापेक्षा गुन्ह्यांची थकबाकी अधिक गंभीर मानली जाते. गुन्हा एका व्यक्तीविरुद्ध असतो, थकबाकी संपूर्ण खात्याविरुद्ध असते. गुन्हा घडला की फार तर एका गावात चर्चा होते; थकबाकी राहिली की विधिमंडळात प्रश्न विचारला जातो आणि त्याचं उत्तर मला लिहावं लागतं.

म्हणून शासनाने लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतील डीएनए तपासणीसाठी ‘जलद जैविक न्याय योजना’ जाहीर केली, तेव्हा आमच्या विभागीय प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. वर्ष दुष्काळाचं होतं. छत्रपती संभाजीनगरात नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं आणि जालना रोडवर दर आठव्या दिवशी एका नव्या गृहप्रकल्पाची पाटी उभी राहत होती (पाटीवर पोहण्याचा तलाव हमखास असे). अशा कोरड्या वर्षात दोन कोटी चाळीस लाख रुपये न मागता यावेत, हे आमच्या पुण्याईशिवाय शक्य नव्हतं, असं उपसंचालक मंदार साहेब पेढा खाताना म्हणाले.

मी या प्रयोगशाळेचा कार्यालय अधीक्षक. नाव हेमचंद्र, पण बाहेरचे सगळे भाऊसाहेब म्हणतात. आमच्या घराण्यात चार पिढ्या दप्तर सांभाळलं गेलं. पणजोबा निजामाच्या काळात तालुका कचेरीत होते आणि त्यांच्या हातून एकही कागद गहाळ झाला नाही, असं घरात अभिमानाने सांगतात. (कागदात ज्यांची नावं होती त्या माणसांचं पुढे काय झालं, हे घरात कोणी सांगत नाही.)

निधीचा विनियोग नियमाप्रमाणे झाला. सर्वप्रथम मशीन मागवलं. मशीन खरोखर उत्तम आहे. नमुना दिला की तीन दिवसांत उत्तर देतं आणि कोणाच्या ओळखीपाळखीला बधत नाही. त्याला अठरा ते बावीस अंशांचा गारवा लागतो. मशीन येईपर्यंत गारव्याचा सराव असावा म्हणून साहेबांच्या खोलीत दोन एसी बसवले. मशीन आल्यावर सराव मोडू नये म्हणून ते तिथेच राहू दिले.

योजनेला एकच अट होती. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मुंबईहून मोजणी अधिकारी येणार, आणि ‘प्रलंबित नमुने’ या रकान्यात शून्य असेल तरच पुढचा हप्ता मिळणार. पेढे वाटले त्या दिवशी आमच्याकडे तीनशे बारा नमुने होते.

साहेबांनी मला बोलावलं. तीनशे बाराचं शून्य करण्याचे दोन मार्ग होते. पहिला, नमुने तपासणं. यात वेळ जातो, शिवाय तपासत असताना नवे येत राहतात, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या तो मार्ग कधीच संपत नाही. दुसरा मार्ग शोधण्यासाठी मी परिपत्रक घरी नेलं आणि तीनदा वाचलं. प्रलंबित नमुन्याची व्याख्या अशी होती: ‘मोजणीच्या वेळी प्रयोगशाळेच्या अथवा पोलीस ठाण्याच्या ताब्यात असलेला, तपासणी न झालेला नमुना.’

तिसऱ्या वाचनात मला दिसलं ते माझ्या चार पिढ्यांना दिसलं नसतं. नमुना ठाण्यातून निघाला की ठाण्याच्या वहीत ‘रवाना’ असा शेरा पडतो, म्हणजे तो ठाण्याच्या ताब्यात नाही. आमच्या दारात पोचून पावती होत नाही, तोवर तो आमच्याही ताब्यात नाही. प्रवासातला नमुना कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून तो प्रलंबित नसतो. एवढं सोपं होतं ते. साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला.

त्यानंतरची व्यवस्था मीच आखली. तीनशे बारा नमुने ‘पाठवणीचं पत्र ताजं नाही’ या शेऱ्यासह आपापल्या ठाण्यांना परत गेले. यापुढे पत्र चालू महिन्याचंच हवं, नमुने महिन्याच्या दोन तारखेला घेतले जातील, आणि फक्त वीस. कारण वीस नमुने महिन्याभरात निश्चित तपासून होतात, एकविसावा राहण्याचा धोका असतो. उरलेल्यांनी परत जावं आणि महिनाअखेरीस, मोजणीच्या दिवशी, प्रवासात असावं.

आता प्रवासात असावं म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. एसटीत दिवसभर बसवणं खर्चाचं झालं असतं. मी स्वतः जाऊन जागा पाहिली. आमच्या प्रयोगशाळेपासून पुढे, करमाडच्या अलीकडे, फकिराची रसवंती आहे. ती जागा दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीच्या वादात असल्यामुळे कोणत्याच ठाण्यात येत नाही. समोर लिंबाची दाट सावली, दोन बाकडी, आणि मुख्य म्हणजे रसासाठी आणलेला बर्फ. पहिल्या महिनाअखेरीस तिथे तेवीस ठाण्यांचे तेवीस शिपाई आपापल्या थर्माकोलच्या पेट्या घेऊन बसले, आणि चार वाजता आमच्या रकान्यात शून्य लागलं. शून्याची शिस्त टिकावी म्हणून मी काही सूचनाही काढल्या:

एक, पेटी मांडीवर ठेवावी. जमिनीला टेकल्यास ती ‘साठवण’ ठरेल.

दोन, दर दोन तासांनी पेटीसह पन्नास पावलं चालावं, म्हणजे प्रवास खंडित होणार नाही. (दिशा महत्त्वाची नाही.)

तीन, रस स्वतःच्या खर्चाने प्यावा.

चार, कोणी विचारल्यास ‘निघालोय’ असं सांगावं. ‘बसलोय’ असं सांगू नये.

फकिराचं सहकार्य उल्लेखनीय होतं. तो म्हणायचा, “भाऊसाहेब, पेट्यांना बर्फ पैले, गिऱ्हाइकाला नंतर. गिऱ्हाईक काय, कोमट बी पितंय.” त्याला या सेवेबद्दल प्रशस्तिपत्र द्यावं, अशी टिपणी मी ठेवली आहे. बर्फाचं बिल देण्याची तरतूद योजनेत नव्हती.

सोयगाव ठाण्याची पेटी घेऊन योगिनी नावाची शिपाई येत असे. सोयगाव पार अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे. पहाटेची गाडी धरूनही ती आमच्या खिडकीशी पोचायची तेव्हा साडेअकरा झालेले असत. शहरातली ठाणी तोवर वीस आकडा भरून निघून गेलेली असत. फेब्रुवारीत तिचा क्रमांक एकवीस आला, मार्चमध्येही एकवीस. तिच्या चिकाटीचं मी मनापासून कौतुक करी. मोजणीच्या दिवशी ती करमाडला असते, तर तिथेच थांबून दोन तारखेला पहिला नंबर का लावत नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर सोपं आहे. नव्या महिन्याचं ताजं पत्र सोयगावलाच मिळतं, आणि एक तारखेला तिथले साहेब रात्रीपर्यंत बंदोबस्तात असतात.

त्या पेटीतला नमुना ज्या मुलीचा, तिचं नाव सांगण्यास कायद्याने बंदी आहे. आमच्या कार्यालयाने एक पाऊल पुढे टाकून तिच्याबद्दल काहीच माहीत करून न घेण्याचं धोरण स्वीकारलं होतं. मला जे कळलं ते तिच्या आईमुळे. आईचं नावही सांगता येत नाही, म्हणून मी तिला सुगंधाबाई म्हणतो.

मार्चच्या मोजणीला मी देखरेखीसाठी करमाडला गेलो, तेव्हा योगिनीशेजारी बाकड्यावर या बाई बसल्या होत्या. मूळ मेंढपाळांपैकी, मेंढरं दुष्काळात विकून आता मायलेकी रोजाने जातात. पेटी एकटी धाडायला मन घेत नाही म्हणून त्या दर खेपेला स्वतःचं तिकीट काढून सोबत येत होत्या. मला पाहून त्या उठल्या.

“सायब, तुमच्या मिशनीला किती दिस लागत्यात?”

“तीन.”

“आमच्यात मेंढी व्याली अन् पोर हरवलं, तर शंभरात हुंगून आपलं कोणतं ते सांगती. घटकाभर बी लागत नाय. तुमची मिशन तीन दिस घेती, घिऊ द्या. पर आज तीन म्हैनं होत आले.”

मी त्यांना व्याख्या समजावून सांगितली. ताबा, रवाना, पावती, शून्य, हप्ता. मी चांगलं समजावतो असा माझा लौकिक आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी आमची पोर कुणाच्याच वहीत नाय,” त्या म्हणाल्या.

“नमुना, बाई. मुलगी नव्हे.”

“व्हय, तेच की.”

आरोपी जामिनावर सुटला होता आणि गावात परत आला होता. त्याचं नाव घ्यायला कायद्याची बंदी नाही, पण गावात ते कोणी घेत नाही, कारण शासनाचा पाण्याचा टँकर तोच चालवतो. टँकर आला की गाव घागरी घेऊन त्याच्याभोवती गोळा होतं आणि तो नळी कोणाकडे फिरवायची ते ठरवतो. सुगंधाबाई आणि त्यांची मुलगी त्या टँकरचं पाणी भरत नाहीत. दोघी रोज तीन किलोमीटरवरच्या विहिरीवर जातात. गावकरी त्यांना समजुतीने सांगतात की झालं गेलं सोडून द्या, पावसाळ्यापर्यंत तरी.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास फकिराचा बर्फ संपला. बर्फाच्या कारखान्याचाच पाण्याचा टँकर आला नव्हता. तेवीस पेट्यांमधलं पाणी मांड्यांवर गळू लागलं आणि शिपायांनी सूचना क्रमांक दोनप्रमाणे पन्नास पावलं चालून घेतली. सुगंधाबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. डोक्याला बांधलेलं फडकं सोडून त्यावर ते सगळं पाणी ओतलं, पेटीभोवती गुंडाळलं आणि फडकं वाळू लागलं की पदराने वारा घालत राहिल्या. तीन किलोमीटरवरून आणलेलं ते पाणी होतं. मासिक अहवालात मी ‘लोकसहभाग’ या रकान्यात ही बाब नमूद केली. साहेबांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

चार वाजता रकान्यात शून्य लागलं. सलग तिसरं शून्य असल्याने मंदार साहेबांचा मुंबईत सत्कार झाला. नारळ, शाल आणि एक तराजूची प्रतिकृती. तराजूची दोन्ही पारडी डिंकाने चिकटवलेली होती, प्रवासात हलू नयेत म्हणून.

एप्रिलमध्ये पेटीला पुन्हा एकविसावा नंबर मिळाला. त्याच महिन्यात आरोपीच्या वकिलांनी आमच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला: अमुक गुन्ह्यातील नमुना आपल्याकडे प्रलंबित आहे काय? मी उत्तर दिलं, नाही. हे खरं होतं. सोयगाव ठाण्यालाही तोच अर्ज गेला होता. ठाण्यातही महिनाअखेर सोडून इतर दिवशी तो प्रलंबित ठरत नव्हता, कारण व्याख्या फक्त मोजणीच्या वेळेला लागू होती. तेव्हा त्यांनीही कळवलं, नाही. हेही खरं होतं. दोन खऱ्या कागदांच्या जोरावर वकिलांनी न्यायालयात सांगितलं की हा नमुना मुळात अस्तित्वातच नाही.

खुलाशासाठी मला न्यायालयात बोलावलं होतं. मी व्याख्या वाचून दाखवली. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग परत घातला आणि आदेश दिला: जूनमधील पुढील तारखेपर्यंत अहवाल आला तर घेऊ, नाही तर त्याच्याशिवाय खटला पुढे चालेल.

बाहेर आल्यावर मी त्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं. असेल एकोणीसची. योगिनी तिला धीर देत होती की अहवाल येईल, आला की तो सुटत नाही.

मुलगी म्हणाली, “ताई, मी तर पहिल्याच दिशी सांगितलं व्हतं. कुणाला खरं वाटंना, म्हणून पेटी भरली. आता पेटी बी खरी नाय म्हणत्यात.”

ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, हकीकत सांगावी तसं सांगत होती. मी चार पावलांवर उभा होतो आणि मला लाज वाटली. कार्यालयीन कामकाजात लाजेची नोंद करायला रकाना नाही, म्हणून मी रिक्षा करून कार्यालयात परतलो आणि उरलेलं टपाल पाहिलं.

तीस एप्रिलला ऊन बेचाळीस अंशांवर होतं. मोजणी अधिकारी साहेबांच्या खोलीत सरबत घेऊन बाहेर आले, रिकामी कपाटं पाहिली, समाधानाने मान डोलावली. चारला पाच मिनिटं कमी असताना योगिनी दारातून आत आली. ती करमाडला गेलीच नव्हती. सरळ चालत येऊन तिने पेटी माझ्या टेबलावर, शून्य लिहिण्यासाठी उघडलेल्या नोंदवहीवर ठेवली. सुगंधाबाई दाराशी थांबल्या होत्या.

“हे काय आहे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नमुना हाय, सर. सोयगावचा. प्रलंबित.”

“ती प्रवासात आहे,” साहेब घाईने म्हणाले.

“नाय सर, पोचली,” योगिनी म्हणाली. “भाऊसाहेब, पावती द्या.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या खिशात पेन होतं. पावती देणं माझ्या अधिकारात होतं. ते गेले तीन महिनेही माझ्याच अधिकारात होतं. मी पत्राची तारीख पाहिली. एप्रिलचं होतं, ताजं. मी पावती दिली. चार वाजता रकान्यात एक लागला.

पुढचा हप्ता थांबला. दुसऱ्या दिवशी शहरात बातमी झाली की एका शिपाईबाईच्या आडमुठेपणामुळे संभाजीनगरचा कोट्यवधींचा निधी परत गेला. वाचकांची पत्रं आली. शहर एवढं वाढतंय आणि काही लोकांना विकासाचं वावडं आहे, असा एकंदर सूर होता. योगिनीची बदली कन्नडच्या घाटातल्या चौकीवर झाली.

पेटीची मात्र नोंद झालेली असल्याने ती तपासणं भाग पडलं. प्रयोगशाळेत त्या दिवशी दुसरा एकही नमुना नव्हता. मशीनने ठरल्याप्रमाणे तीन दिवस घेतले आणि उत्तर दिलं: नमुना उष्णतेने खराब झालेला असल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही.

सुगंधाबाईंना हे मीच सांगितलं. त्यांनी डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. मग म्हणाल्या, “फडकं अजून येक आणाया पायजे व्हतं.” मला त्यांना सांगायचं होतं की चूक तुमची नाही. पण चूक कोणाची हे ठरवायला चौकशी समिती नेमली गेली होती आणि तिचा निकाल येण्याआधी मत देणं योग्य नव्हतं. समितीत मी एकटाच आहे.

जूनच्या तारखेला ती मुलगी साक्षीला उभी राहील. आता तिच्या बाजूने तिचा शब्द तेवढा आहे. टँकर अजून तोच माणूस चालवतो. पाऊस लांबला आहे आणि त्याच्या फेऱ्या वाढवून दिल्या आहेत.

चौकशी मी निःपक्षपातीपणे केली. शासनाने निधी दिला होता, म्हणजे शासनाचा दोष नाही. प्रयोगशाळेच्या ताब्यात नमुना नव्हता. ठाण्याने रवाना केला होता. फकिराने होता तेवढा बर्फ दिला. योगिनीने पेटी जमिनीला टेकू दिली नाही. सगळे खुलासे समाधानकारक आहेत. फक्त चौकशी अहवालाच्या विहित नमुन्यात एक रकाना असा आहे: ‘संपूर्ण कालावधीत पेटी कोणाच्या देखत होती?’ हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

मी पुष्कळ विचार केला. मंदार साहेबांनी पेटी एकदाच पाहिली. मी अधूनमधून पाहिली. योगिनी पावती घेऊन गेली, पुढचं तिला दिसलं नाही. सुगंधाबाई आत येऊ शकत नव्हत्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खिडकीशी, एसटीत, करमाडच्या लिंबाखाली, माझ्या टेबलावर आणि मशीनपाशी, ती पेटी सलग एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर राहिली. बर्फ संपला हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्या सगळ्या काळात तो सावलीत बसून होता, आणि दोन-चार ठिकाणी, मला वाटतं, हसलाही.

तेव्हा त्या रकान्यात मी, हे वाचत असलेल्या तुमचं नाव लिहिलं आहे. खाली सहीसाठी जागा सोडली आहे. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मात्र ‘मी काय करू शकत होतो’ हा खुलासा देऊ नये. तो मी माझ्यासाठी आधीच वापरला आहे.